इस्त्रीखालची राख

१

शनिवारी संध्याकाळी प्रबोधकाकांच्या घरात आग लागली. रविवारी सकाळी मी तिथे पोचले तोवर ती कुणी लावली, लावणारीला काय शिक्षा द्यायची आणि कुठल्या विमानात बसवायचं, सगळं ठरून झालं होतं.

"सुमीने इस्त्री चालू ठेवली," दार उघडता उघडता विनीताकाकू म्हणाली. "सांगून सांगून थकले मी. चपला बाहेर काढ."

सुमी म्हणजे सुमियाती. इंडोनेशियातल्या जावाची. काकांच्या सिंगापूरमधल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहून स्वयंपाक, केर-फरशी, कपडे, बाजारहाट, सगळं तीच करायची. मला क्लेमेंटीहून आईने पाठवलं होतं. "जा, आवरायला मदत कर, नाहीतरी घरात बसून काय करतेस." पॉलिटेक्निक सोडल्यापासून आमच्या घरात प्रत्येक वाक्याला हे शेपूट असतंच.

सुमी किचनमध्ये भांडी घासत होती. एकाच हाताने. दुसऱ्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज.

"हे काय?"

"पडदा," ती म्हणाली. ती इंग्लिश आणि मलय मिसळून बोलते, मी मराठीत सांगतेय. "पेटलेला पडदा ओढून काढला ना, आदिक." आदिक म्हणजे धाकटं भावंड. मला ती तेच म्हणते.

"म्हणजे आग तू विझवलीस?"

"घरात दुसरं कोण होतं? मॅमनी मला कोथिंबीर आणायला मार्केटला पाठवलं आणि सगळे तालमीला गेले. परत आले तर दाराखालून धूर. मेन स्विच बंद केला, पडदा ओढला, मग बादल्या ओतल्या. नंतर गार्ड अंकल आले. ते मला मलम लावायला खाली घेऊन गेले."

"आणि इस्त्री?"

तिने ताट उपडं ठेवलं. "दुपारीच झाली होती. बंद केली, वायर गुंडाळली, दाराजवळ ठेवली. रोज तिथेच ठेवते. पण मी सांगून काय होणार? उद्या सकाळी कामाला लावणाऱ्या एजन्सीची बाई येणार मला न्यायला. दुपारचं विमान. आणि एजन्सीला सर सांगणार की हिने घर जाळलं. मग मला इथे परत कोण घेणार?"

ती रडत नव्हती. त्यामुळे माझं डोकं जास्त फिरलं. हात भाजून घेऊन जिने घर वाचवलं, तीच उष्टी खरकटी काढतेय, आणि घरातले बाहेर बसून चहा पितायत.

बाहेर काका म्हणत होते, "पोलीस-बिलीस नको. सभ्यपणे पाठवू परत." सभ्यपणे, म्हणे.

२

"मी बघू खोली?" मी विचारलं.

"बघायला ते काय प्रदर्शन आहे?" काकू म्हणाली.

"बघू दे गं," काका म्हणाले. "फक्त हात लावू नकोस कशाला. उद्या विम्याचा माणूस येईपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवायचंय." काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. एकदा का ते एखाद्या गोष्टीबद्दल बोलले की ती फाइल बंद.

अभ्यासाची खोली ऋचाताईची. ती काकांची मुलगी, इथल्या युनिव्हर्सिटीत कायद्याचं एलएलएम करते. विषय युरोपातला ग्राहक संरक्षण कायदा. सत्तावीस देशांचा एकच बाजार, मग त्यातल्या गिऱ्हाइकाला एकसारखं संरक्षण कसं द्यायचं, असलं काहीतरी. एक सेमिस्टर जर्मनीत करून आली होती, आणि पुढच्या महिन्यात प्राध्यापकांच्या प्रकल्पावर वर्षभरासाठी परत जाणार होती. गणपतीत जेवायला बसलो तेव्हा पूर्ण वरणभात होईपर्यंत तिचं चालू होतं. ग्राहक हा कमजोर पक्ष असतो. कंपनीकडे पैसा, वकील, माहिती. म्हणून कायद्याने कमजोराच्या बाजूला उभं राहायचं असतं. काकू कौतुकाने बघत होती आणि सुमी मागे उभी राहून तिला तूप वाढत होती.

खोलीत ओल्या राखेचा वास. खिडकीजवळ टेबल, त्याच्या वर भिंतीत सॉकेट. टेबल काळं ठिक्कर, कागदांची राख पापडासारखी सुटलेली. आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी पांढरी इस्त्री, तिचा प्लग सॉकेटमध्ये.

"दिसला पुरावा?" काका दारातून म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

दिसला. फक्त त्यांना दिसला तो नाही. इतक्या काळ्या टेबलावर ही इस्त्री इतकी पांढरी कशी?

मी ती उचलली. हात लावू नकोस सांगितलं की माझा हात आधी जातो. इस्त्रीखाली कागदाची राख होती. बाजूच्या राखेचे पापड सुटे, आणि इस्त्रीखालचे चुरडलेले. आग लागताना इस्त्री तिथे असती, तर राख तिच्या आजूबाजूला पडली असती, तिच्याखाली शिरली नसती. आधी कागद जळले. मग त्या राखेवर कुणीतरी इस्त्री आणून ठेवली.

मग प्लग उपसला. सिंगापूरचा तीन चौकोनी पिनांचा जाडा प्लग. तो सॉकेटमध्ये असताना आग लागली असती तर त्याच्यामागची जागा तरी पांढरी राहिली असती. तिथेसुद्धा काजळी होती. पण सगळीकडे नाही. खालच्या दोन भोकांवर एक छोटा, चपटा, लांबट आकार स्वच्छ राहिला होता. माझ्या अंगठ्याएवढा.

म्हणजे आग लागली तेव्हा तिथे प्लग होता. पण दुसराच. दोन पिनांचा.

मागून आवाज आला. "क्षिप्रा, काय करतेयस?"

दारात ऋचाताई उभी होती.

३

"बघत होते," मी म्हटलं.

"नको बघूस. मला त्रास होतो. माझ्या सगळ्या नोट्स गेल्या." तिने नुकतीच आंघोळ केली होती. कुरळे केस ओले, खांद्यावर पसरलेले. काल ईस्ट कोस्टला मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती, तिथे तिच्या केसांवरून मी तिला चिडवलं होतं. डावी बाजू सरळसोट, उजवीकडे नेहमीची कुरळी झुडपं. म्हटलं होतं, ताई, अर्धी जर्मनीहून आलीस, अर्धी अजून कोथरूडलाच आहेस वाटतं. सगळे हसले होते, ती सोडून.

"ताई, सुमीला खरंच पाठवणार?"

"मी काय करू? आईबाबांचा निर्णय आहे." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "आणि एका अर्थी बरंच आहे ना तिला. घरी जाईल. तिची मुलगी आहे तिकडे."

मी तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, म्हणून बाहेर आले.

काकू सोफ्यावर पेपर चाळत होती. "काकू, सुमी ताईच्या टेबलाजवळ इस्त्री करायची?"

"छे. टेबलाजवळ फिरकायचं नाही असा नियमच आहे माझा. मागे हिने कागद आवरले आणि ऋचाचं काहीतरी हरवलं. तेव्हापासून तिची इस्त्री दाराजवळच्या सॉकेटवर."

"मग काल टेबलावर कशी गेली?"

"म्हणजे बघ," काकू म्हणाली. "नियम मोडला. मी तेच म्हणतेय."

कपाळाला हात लावायचा राहिला. सुमी दारापाशी असते हे काकूच सांगतेय, आणि त्याच तोंडाने म्हणतेय की तिनेच केलं.

"काल दुपारी घरात आणखी कोण होतं?"

"मुकुल आला होता ना अभ्यासाला. तालमीला निघायच्या आधी गेला. तू काय चौकशी समिती आहेस का गं? अभ्यास सोडून हे धंदे बरे सुचतात."

मुकुल. ताईच्या वर्गातला. मुंबईचा, क्लेमेंटीत खोली घेऊन राहतो. आणि मुंबईहून आलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपला काय असतं? दोन गोल पिनांचा प्लग.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इथलं सॉकेट तीन भोकांचं असतं. वरचं भोक उघडल्याशिवाय खालच्या दोघांत काही जात नाही, पोरांनी बोटं घालू नयेत म्हणून. इंडियातून किंवा बाहेरून दोन पिनांचं काही आणलं की अ‍ॅडाप्टर लावायचा असतो. पण तो वेळेला सापडेल तर शपथ. मग आपले लोक काय करतात? वरच्या भोकात बॉलपेन खुपसतात, झडप उघडते, आणि दोन पिनांचा प्लग दाबून बसवतात. आमच्या घरात बाबा करतात, काका करतात, शेजारचे दोन इंजिनियर करतात. आयआयटीवाले आहेत दोघं. सैल बसतो, ठिणग्या उडतात, तरी करतात. सुमी मात्र कधीच नाही. तिला एजन्सीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की सॉकेटमध्ये काही खुपसलंस तर मरशील, आणि ती आपल्यापेक्षा शहाणी असल्यामुळे तिने ते ऐकलं होतं.

लिफ्टने खाली आले. गार्ड अंकल डबा खात होते.

"अंकल, काल तुम्ही सुमीला खाली आणलंत, त्यानंतर वर पहिलं कोण गेलं?"

"तुझी कझिन लाह." इथल्या बोलण्याला हे लाह चिकटलेलंच असतं. "गाडी लॉबीपाशी थांबली, मी सांगितलं आग लागली होती, आता विझली. ती उतरून धावली. लिफ्टची पण वाट बघितली नाही, स्वतःची किल्ली काढून जिन्याने गेली. तुझे अंकल-आंटी गाडी खाली पार्क करून आले. त्यांना तर मी दाराची किल्ली पण दिली, ते एवढ्या आरामात."

"आणि मुकुल? चष्मेवाला?"

"तो? तो काल रात्री, हे सगळे घरी आल्यावर, परत आला होता. पाच मिनिटं. एक पिशवी घेऊन गेला."

मी बस पकडली.

४

मुकुलची खोली म्हणजे पलंग, टेबल आणि पुस्तकांचे ढीग. मी दारातूनच विचारलं, "दादा, तुझा चार्जर दाखव."

"आधी आत ये. मायलो घेणार?"

"चार्जर दाखव."

त्याने दाखवला. दोन गोल पिनांचाच होता. पण त्याच्यावर अ‍ॅडाप्टर बसवलेला, आणि दोन्हींना मिळून काळ्या चिकटपट्टीचे इतके वेढे मारलेले की गाठोडंच झालं होतं.

"आईने केलंय," तो ओशाळून म्हणाला. "एअरपोर्टवर. म्हणाली तू वेंधळा, हरवशील. दोन वर्षं झाली, निघतच नाही."

मी नखाने ओढून बघितलं. खरंच निघत नव्हतं. हे गाठोडं सॉकेटवर बसवलं तर अख्खं सॉकेट झाकेल. अंगठ्याएवढा ठसा याचा असूच शकत नव्हता. इतका वेळ ज्याच्यावर दात खात आले होते, त्याच्या हातचा मायलोचा गरम कप मी मुकाट्याने घेतला.

"पिशवी कसली नेलीस काल?"

"नमुना. उद्या सेमिनार आहे ना आमचा. मी आणि ऋचा गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणार. समोरची टीम कंपनीच्या बाजूने." तो एकदम खुलला. "तुला गंमत सांगतो. युरोपात एखादी वस्तू धोकादायक निघाली ना, तर एक देश बाकीच्या सगळ्यांना ताबडतोब कळवतो. मग ती सगळीकडून काढून घेतात. पण तिथून काढलेला माल जातो कुठे? कधी कधी इकडे, आशियात. ऋचाचा अख्खा प्रबंध त्यावर आहे. सरांनी तिला तसाच एक नमुना दिला, जर्मनीत बाजारातून काढून घेतलेला. बघ."

त्याने पलंगाखालून पिशवी ओढली. आत केस सरळ करायचं यंत्र होतं. चिमट्यासारखं. एक पट्टी वितळून वाकडी झाली होती, मूठ काळी पडली होती. वायरीच्या टोकाला दोन पिनांचा चपटा, लांबट, छोटासा प्लग. मी त्यावर अंगठा ठेवला. बरोबर बसला.

"हे असंच होतं? सरांनी दिलं तेव्हा?"

"नाही गं. गुरुवारी नवं कोरं होतं. सर चार वेळा म्हणाले, कुणीही हे प्लगला लावायचं नाही, हे तापत सुटतं, आपोआप बंद होत नाही. पण ऋचा काल म्हणाली, सरांच्या परवानगीने तिने लॅबमध्ये टेस्ट केलं. आता बघ ना, कसला पुरावा आहे. आम्ही जिंकलोच."

मी यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा वर सरकवला.

"काय झालं?"

"कायद्याच्या शाळेत लॅब असते, दादा?"

तो हसायला लागला आणि हसता हसता थांबला. मग त्याने त्या वाकड्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"तिने मला सांगितलं की घरात इस्त्रीमुळे आग लागली," तो म्हणाला.

"तुमच्या कायद्यात काय सिद्ध करावं लागतं? सोप्या मराठीत सांग."

"तीन गोष्टी. नुकसान झालं. वस्तूत दोष होता. आणि त्या दोषामुळेच ते नुकसान झालं. कंपनीने मुद्दाम केलं की हलगर्जीपणा केला, हे सिद्ध करायची गरज नाही. कारण गिऱ्हाईक..."

"कमजोर पक्ष असतो. माहितीय. मी वरणभातासोबत ऐकलंय. चल, चप्पल घाल."

५

हॉलमध्ये तिघंही होते. मी पिशवी सेंटर टेबलवर ठेवली, काकूच्या काजूच्या वाटीशेजारी. मुकुल दारापाशीच उभा राहिला. मी किचनकडे जाऊन सुमीला बोलावलं.

"ती कशाला?" काकू म्हणाली.

"कारण तिच्याबद्दल बोलायचंय. काल तिच्याबद्दल सगळं ठरलं तेव्हा ती कुठे होती? भांडी घासत. आज बाहेर उभी राहील."

"क्षिप्रा, आवाज," काका म्हणाले.

"काका, आवाज नंतर. आधी तीन गोष्टी. ताईच्या कायद्यातल्याच आहेत. पहिली, नुकसान. ते दिसतंय. दुसरी, दोष." मी यंत्र बाहेर काढलं. ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. "हे जर्मनीत दुकानांतून काढून घेतलंय, कारण हे पेट घेतं. तिसरी, संबंध. चला खोलीत, दाखवते. सॉकेटवर सगळीकडे काजळी आहे, फक्त या प्लगएवढी जागा सोडून. इस्त्रीच्या प्लगमागे काजळी आहे. इस्त्रीखाली राख आहे. आग लागली तेव्हा सॉकेटमध्ये हे होतं, इस्त्री नव्हती. इस्त्री नंतर ठेवली, आणि ती ठेवायला काकाकाकू गाडी लावून वर येण्याआधी एकच माणूस वर पोचला होता. जिन्याने. धावत."

काका उठले, खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.

"ऋचा?" काकू म्हणाली.

"मला काय माहीत? मुकुल होता काल दुपारी," ताई म्हणाली. "त्यानेच लावून बघितलं असेल. त्याला भारी उत्सुकता."

मुकुलने मान खाली घातली, त्याला कुणीतरी थोबाडीत मारावी तशी.

तिथे माझं उरलंसुरलं डोकं गेलं. "मुकुलदादाने? म्हणजे काल त्याने तुझे अर्धे केस सरळ करून दिले? तो निघून गेल्यावर तू तालमीला जायची तयारी करत होतीस. वरच्या भोकात पेन खुपसलंस, हे लावलंस, एक बाजू झाली, तेवढ्यात काकांनी खालून गाडीचा हॉर्न वाजवला असेल. तशीच पळालीस. तालमीतल्या सगळ्यांनी तुझं अर्धं डोकं बघितलंय, ताई. फोटो पण काढलेत. मागवू?"

ताईचा हात केसांकडे गेला. मग ती बोलली, अगदी हळू.

"माझा दुसरा स्ट्रेटनर बंद पडला होता. म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय. सरांना कळलं तर माझं जर्मनी गेलं, बाबा. वर्षभराची मेहनत आहे. मला वाटलं, इस्त्री बघून सगळे अपघात म्हणतील. सुमीला एवढं... मला वाटलं फार तर ओरडा बसेल. मग तुम्ही तिकिटाचं बोललात आणि मी गप्प बसले. तेवढंच झालं माझ्याकडून. गप्प बसले."

"गप्प नाही बसलीस," मी म्हटलं. "गप्प बसली असतीस तर राखेत हेच सापडलं असतं. तू दारापाशी गेलीस, वायर सोडलीस, इस्त्री उचलून आणलीस. त्या खोलीत तुझा दिवा होता, पंखा होता, कॉम्प्युटर होता. तू इस्त्रीच का निवडलीस? कारण या घरात इस्त्री कोण करतं ते तुला माहीत होतं. कमजोर पक्ष कुठला, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंय."

ती रडायला लागली. काकू तिच्याशेजारी जाऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. सुमीचा भाजलेला हात तिथेच होता, सगळ्यांच्या समोर. त्याच्यावरून काल कुणी असा हात फिरवला नव्हता.

६

काकांनी घसा साफ केला. "ठीक. चूक झाली. सुमी जाणार नाही, मी तिकीट रद्द करतो. विम्याच्या माणसाला काय ते मी बघतो. मुकुल, क्षिप्रा, हा विषय घराबाहेर जाता कामा नये. संपलं."

बघा. फाइल बंद.

"सुमी," काकू इंग्लिशमध्ये म्हणाली, आवाजात मध घालून, "तू इथेच राहा. आठवडाभर जड काम नको करू. ओके?"

सुमीने एप्रन काढला. एका हाताने गाठ सुटेना, म्हणून मी पुढे झाले, तर तिने मान हलवली. स्वतःच सोडली. घडी घातली आणि सेंटर टेबलवर ठेवली.

"नाही मॅम," ती म्हणाली. "मला ट्रान्स्फर पाहिजे. दुसऱ्या घरी."

"ट्रान्स्फर? अगं, आता कळलंय ना आम्हाला तू काही केलं नाहीस."

"काल मी सांगितलं होतं मॅम. मी काही केलं नाही, असंच सांगितलं होतं. काल कळलं नाही. आज क्षिप्राने सांगितलं तर कळलं. उद्या आणखी काही जळलं तर क्षिप्रा असेलच असं नाही."

काकूने काकांकडे बघितलं. काका सरसावले. "हे बघ, मालकाने सोडल्याशिवाय ट्रान्स्फर होत नाही. आणि एवढं सगळं केल्यावर..."

"काय केलंत?" मी म्हटलं. "सांगा ना काका, मलाही ऐकायचंय."

मुकुल दारापासून पुढे आला. पहिल्यांदाच. "काका, उद्या सेमिनारला हे यंत्र माझ्या हातात असणार आहे. सर विचारतील, असं कसं झालं. मी खोटं नाही सांगणार. त्याआधी इथलं नीट झालेलं बरं."

ताईने चेहरा वर केला. त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"ट्रान्स्फर देतो," काका शेवटी म्हणाले.

"आणि एजन्सीला फोन," सुमी म्हणाली. "काल सरांनी त्यांना सांगितलं की मी घर जाळलं. ती बाई आता प्रत्येक घराला तेच सांगणार."

"मी करतो सकाळी."

"आत्ता, सर. रविवारी त्यांचं ऑफिस उघडं असतं. आणि तुम्ही नाही." तिने ताईकडे बघितलं. रागाने नाही. ते बघणं कसलं होतं ते मला अजून सांगता येत नाही. "तुम्ही, मिस ऋचा."

"प्लीज बाबा," ताई म्हणाली.

काका खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला वाचवलं नाही.

सुमीने नंबर स्वतः लावला, तिला पाठ होता. स्पीकर चालू केला आणि फोन ताईच्या समोर धरला, भाजलेल्या हातात. पलीकडे गोंगाट होता, बायकांचे आवाज, कुठेतरी बाळ रडत होतं. एजन्सीची बाई खेकसली, "येस?"

"हॅलो. मी प्रबोध सरांच्या घरून बोलतेय. सुमियातीबद्दल. कालच्या आगीबाबत जरा गैरसमज झाला. घरातल्या एका वस्तूमुळे..."

"वस्तूमुळे नाही," सुमी म्हणाली.

ताईने ओठ चावले. "आग सुमियातीमुळे लागली नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी..."

"कुणाच्या तरी नाही," सुमी म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता.

"हॅलो?" पलीकडून बाई म्हणाली. "इथे फार आवाज आहे लाह. कोण बोलतंय? आग कुणी लावली? नाव सांगा, मोठ्याने बोला."

सुमीने फोन आणखी जवळ नेला. ताईने डोळे मिटले, आणि आपलं नाव सांगितलं.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाली. "परत."